तंतुकणिका

शाळेच्या पुस्तकात नाव होतं तंतुकणिका.
संध्याकाळी तंतू होते.
रोटेनोन देऊन चार तास झाले,
आता नुसत्या कणिका.

नेव्ही नगरच्या टोकाला, तिसरा मजला,
काळोख्या खोलीत मी आणि मायक्रोस्कोप.
पेशी ओरडत नाही.
आधी नवी प्रथिनं बनवणं थांबवते,
मग केंद्रकाला निरोप धाडते:
आत काहीतरी बिनसलंय,
डागडुजीचं सामान तेवढं पाठव.

पाचवं वर्ष. फेलोशिप जूनपासून अडकलेली.
मीही बंद केलंय बरंच काही:
शेवंताबाईंचा डबा, पोहणं,
निपाणीला रविवारचा फोन.

"जरासा ताण बरा असतो," बर्वेसर म्हणतात,
"कृमी जास्त जगतात त्यानं."
जरासा म्हणजे किती,
त्याचाच तर आलेख काढतेय, सर.
एका बिंदूपुढे
निरोपही यायचे थांबतात.

कुलूप लावताना आठवली
कंट्रोलची डिश.
ज्यांना काहीच दिलं नाही, त्या पेशी.
सोमवारपासून कुणी पाहिलेलं नाही त्यांच्याकडे.

चप्पल पुन्हा काढते. लेझर चालू करते.

लांब, एकमेकांत गुंतलेल्या,
तव्यावर परतायच्या आधीच्या शेवया.
हळूच सरकताहेत,
घाई नसल्यासारख्या.