पाठीचं माप

बत्तीस वर्षं मी पाठी मोजल्या.
रामबागेतल्या, नारायण बागेतल्या,
थेट पलासियाहून रिक्षा करून आलेल्या,
घामेजलेल्या, तीळ असलेल्या.
एकीच्या पाठीवर वळ होते.
तिचा गळा मी वर घेतला, विचारलं काही नाही.

स्वतःची पाठ कोण मोजतं.

दुखणं आधी रात्रीचं यायचं,
दिवेलागणीला कणकण.
कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं वय,
छावणीतल्या मालिशवाल्यानं अंगठा रुतवला
तर भरदुपारी चांदण्या दिसल्या.
मग एक दिवस चोळीची बाही जोडताना
मशीन थांबली.
मशीन नव्हती थांबली. पाय थांबला होता.
आणि मला ते सुईकडे बघून कळलं.

एमवायच्या डॉक्टरपोरीनं फिल्म उजेडाला धरली:
दोन मणके, मधली गादी नाही,
उंदरानं ताग्याची घडी कुरतडावी तसं.
"टीबी है, अम्मा."
म्हटलं, पण मला खोकला कुठंय?
ती म्हणाली, त्याला पाठही चालते.
कमरेला पट्टा आवळला,
त्याचं नाव टेलर ब्रेस.
मी हसले, कितीतरी दिवसांनी:
टेलरसाठीच शिवलाय का गं?
शिवण मात्र भिकार. बगलेत काचायचा.
केतकीकडून आतून मलमल लावून घेतली.

तीन महिने फळीवर उताणी.
छताला एक तडा, त्यात एक पाल.
लघवी केशरी; पहिल्या दिवशी वाटलं, रक्तच.
घोडगावकरबाई आल्या, कापड परत नेलं,
कोपऱ्याला दोन बोटांत धरून.
पाठ फिरवली, असं मी म्हणणार नाही.
पाठीबद्दल मी काय बोलायचं.
झुलेखा, काज करणारी,
खजरान्याहून दोन टेम्पो बदलून यायची,
माझ्याच कपातला उरलेला चहा प्यायची
आणि शिव्या घालायची, मला नाही,
घोडगावकरबाईंना.

सातव्या महिन्यात पायाचा अंगठा
थोडा ऊन लागल्यासारखा झाला.
मी उशीखालची सुई काढली, टोचली.
दुखलं.
"केतकी! दुखलं गं, दुखलं!"
पोरगी हातातलं पीठ घेऊन धावत आली,
तिला वाटलं, काही वाईट झालं.

आता चौदावा महिना.
पाय पायडलवर आहे, जरा अडखळतो.
कण्यावर मात्र मधोमध एक टेंगूळ उरलंय,
मुठीएवढं. डॉक्टर म्हणाली, हे राहणार.

काल केतकीनं टेप धरली.
पुढून साडेतेरा, मागून पंधरा.
वहीत लिहिलं. त्या वहीत
माझं नाव पहिल्यांदाच.
"मागं टक्स देऊ का, आई?"
टक्स नको, म्हटलं.
चुण्या घाल.
तिथं जागा लागते.