तेवीस नंबर

पहिल्याच दिवशी त्याने माझ्याकडे साबुनी मागितली.
साबणच हवा होता त्याला, हे बादली दाखवल्यावर कळलं.
मग त्याने बॅग उलटी केली
बालेवाडीच्या त्या खोलीत, जिथला ड्रायर दिवाळीपासून बंद होता.

एग्झोसे इलुंगा. गाव लुबुंबाशी, तांब्याच्या खाणींचं.
नावाचा अर्थ विचारला तर आधी वर हात जोडले,
मग हवेतलं बाळ मांडीवर घेऊन थोपटलं.
म्हणजे नवसाचा, मी म्हटलं.
बाकी टीमला तो इलू. मला नवश्या.

मी खडकी बाजारचा तुकाराम शिंगटे, किटवाला.
फॉरवर्ड कसा आहे, टच कसा आहे, ते कोच बघेल.
मला रंग कळतो, आणि डाग.
बेल्जियमच्या निळ्याच्या शिवणीत अजून तिकडचा चिखल होता,
काळा, आपल्या विहिरीच्या गाळासारखा.
मोल्दोवाचा पिवळा जवळजवळ कोरा:
चार महिने, दोन गोल, एक पगार.
व्हिएतनामचा लाल रंग सोडायचा, त्याला बादली वेगळी.
तिथे सतरा गोल मारले, म्हणाला.
तिथेच हाफटाइमला फोन आला, वडील गेल्याचा.
मग?
मग काय, दुसरा हाफ.

एकदा सरावात गवतावर बसकण मारून
गोटी, गोटी म्हणून ओरडला.
मी आपला वाकून गवत चाचपतोय,
पोरं हसून लोळतायत,
आणि तो गुडघा धरून रडतोय.
गुडघ्याला त्यांच्यात गोटी म्हणतात.
त्या रात्री बर्फ बांधताना
त्याने पासपोर्ट दाखवला आणि म्हणाला,
हा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे.

बॅगेच्या तळाला एक आभाळी शर्ट असायचा,
छातीवर बिबळ्या, पाठीवर तेवीस.
देशाने एकदाच बोलावलं होतं.
ऐंशी हजार लोक, म्हणाला, आवाज पोटात वाजायचा.
तो बाकावर. तीनदा उठून रेषेवर पळून आला.
बदली खेळाडू तीनच घेता यायचे.
तीन घेतले.

दर सोमवारी तो शर्टही धुवायला यायचा.
घाम नाही, माती नाही, नुसता पेटीचा वास.
मी एकदा बोललो, अरे, हा स्वच्छ आहे.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी गपचूप पाणी कोमट करायला ठेवलं.

मार्चमध्ये मालकांनी क्लबच मिटवला.
त्याचे तीन महिन्यांचे राहिले, माझे पाच.
मग रविवारी वाकडच्या टर्फवर
आयटीतल्या पोरांकडून खेळायचा, मॅचला दोन हजार.
तीस मिनिटांत धापा टाकणाऱ्या त्या पोरांना
तो असे पास द्यायचा, गोल त्यांच्या नावावर लागावा म्हणून,
जसं लहान मुलाच्या हाताला धरून गिरवून घेतात.
मी जाळीबाहेर उभा. कपडे माझ्याकडेच होते ना.

लोहगाव, पहाटे साडेतीन.
काट्यावर चार किलो जास्त.
त्याने सगळ्यांसमोर जमिनीवर बसून बॅग उघडली.
दोन्ही बूट काढले. बेल्जियम काढला.
लाल हातात धरून थांबला थोडा, तोही काढला.
काउंटरवरची बाई म्हणाली, अजून तीनशे ग्रॅम.
आभाळी शर्ट त्याने अंगात घातला,
वर जाकीट, चेन गळ्यापर्यंत.

बूट आमच्याकडे आहेत, अकरा नंबरचे.
मुलाला दोन-दोन मोजे घालूनही ढिले.
लाल शर्ट मी अजून वेगळ्याच बादलीत भिजवतो,
आता फारसा रंग जात नाही.

मध्ये फोन आला होता, मालदीवहून की ओमानहून,
मागे वारा फार होता.
तिथेही कोणी किटवाला असेल,
नवा असेल,
सोमवारी शर्ट उलटसुलट करून विचारत असेल,
हा कशाला?