रंग नसलेल्याची रंगीत तालीम

भोंगा आठ मिनिटं उशिरा वाजला.
वाजला म्हणजे, रिक्षावर बांधलेल्या कर्ण्यातून
मोबाइलमधला भोंगा.
विडी घरकुलातल्या बाया
मांडीवरची सुपं खाली ठेवून आल्या,
पानं ओल्या फडक्यात गुंडाळून.
वाळली तर मजुरी जाते.

मी वरून आलेला कागद वाचते:
किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही.
‘मग आहे कशावरून?’ नरसम्मा चिलवेरी.
यंत्र टिकटिकतं.
‘कुठाय यंत्र?’
मागवलंय.

माझं मराठी अंबुबाई तेलुगूत सांगते,
मागच्या रांगेत कुणी ते कन्नडमध्ये नेतं,
वाटेत कुठंतरी किरणाची एंडा होते, ऊन होतं,
आणि हसू फुटतं सगळीकडून :
सोलापुरात राहून उन्हाला भ्यायचं?

दारं-खिडक्या लावा, फटीत ओलं कापड.
अंग भरपूर पाण्यानं धुवा, साबण लावा, खरवडू नका.
‘सिस्टर, मग ते नळाच्या दिवशी होऊ द्या म्हणावं.
आमचा नळ पाचव्या दिवशी.’

आयोडिनची गोळी दाखवते. मिठाच्या खड्याएवढी.
राखण फक्त गळ्यातल्या ग्रंथीची, बाकी अंगाची नाही.
सांगितल्याशिवाय घ्यायची नाही.
आधी लेकरं, पोटुशा, अंगावर पाजणाऱ्या.
चाळिशीपुढचे शेवटी.
‘म्हणजे आम्हाला सोडलंच.’
नाही हो राजव्वा, त्या वयात धोका कमी असतो.
राजव्वा थोडा वेळ माझ्याकडे बघते.
‘धोका कमी, हे आमच्या वाट्याला
पहिल्यांदाच आलं बाई.’

मग कागदाचं दुसरं पान :
बाहेरून आल्यावर वरचे कपडे दारातच उतरवा,
पिशवीत घालून तोंड बांधा,
हात-तोंड धुतल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नका.

इथं कुणी काही विचारत नाही.
मी पुन्हा वाचते, कळलं नसेल म्हणून.
श्रीलता येमूल, सहा महिन्यांची बाळंतीण,
जरा संकोचून म्हणते, रोजचंच आहे की.

कारखान्यात विड्या देऊन आलं की
जर्द्याची साडी उंबऱ्याबाहेर.
आत पोर रडून निळं होतं, सासू म्हणते थांब,
ही अर्ध्या तांब्यात कोपरापर्यंत हात धुते,
मग छाती पुसते,
मग घेते.
नाहीतर तान्ह्याला धूळ चढते,
दूध ओकतं, झोपतच नाही.

तिला हे कुणी शिकवलं विचारलं.
सासूनं. सासूला?
सासू शेजारीच होती. तिनं खांदे उडवले.

मी तक्त्यात लिहिलं : हजर एक्केचाळीस.
कपडे उतरवण्याचा सराव : आहे.
‘कधीपासून’ या रकान्यात
पेन टेकवलं आणि उचललं.

तेवढ्यात रिक्षावाला आत डोकावला,
ताई, धोका टळला असं सांगायचा भोंगा
वेगळा असतो का? माझ्याकडं एकच आहे.
कागदात होता. सलग, एका सुरात, दोन मिनिटं.
मी मान वर केली तर
सतरंजीवर कुणीच नव्हतं.
पानं वाळायला लागली होती.