नवसागर

चौथ्या नळीतले जीवाणू मेले नव्हते.
बिरादार मॅडमनी भिंगावरून डोळा काढला
आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बघ."
एरवी तांदळाच्या कणीएवढे आखूड,
ते बाजेवर वाळत घातलेल्या शेवयांसारखे
लांबत गेले होते, कुठेच न तुटता.

पहिल्या नळीत धातू नाही, तिथे गढूळ गर्दी,
वीस-वीस मिनिटाला एकाचे दोन.
सहावी नितळ. तिथे कुणी उरलं नाही.
मधे ही चौथी,
वाढ थांबत नाही आणि वाटणी होत नाही.
आतल्या धाग्यात धातू अडकलाय,
तो निघेपर्यंत मधोमध भिंत नको,
असं पेशी ठरवते म्हणे.
ठरवते की तिला घालताच येत नाही,
मला वहीत नीट लिहिता येईना.
मी लिहिलं: लांबी, साधारण तीस पट.

ग्यानोबा काचा धुता धुता म्हणाला,
"मरनात बी अन् येगळे बी निघनात.
आमच्या गल्लीतले भाऊच म्हणा की."

संयुग तसं साधं. मधे प्लॅटिनम,
एका अंगाला दोन अमोनिया, दुसऱ्या अंगाला दोन क्लोरीन.
फळ्यावर पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा मला वास आला होता,
चौबाऱ्याजवळच्या आमच्या दुकानाचा.
भात्याची धाप, लालबुंद पातेलं,
त्यात अब्बा नवसागर टाकायचे,
पांढरा धूर उठायचा, मी खोकत रस्त्यावर,
आणि त्यांच्या हातातल्या कापसाच्या बोळ्यामागे
कथील सायीसारखं पसरत जायचं.
अमोनिया, क्लोरीन. हीच ती घरची माणसं,
आता दुसऱ्या धातूच्या दारात उभी.

"कित्ता डालना?" मी विचारायचे.
"चिमटी. कम पडा तो कलई पकडती नै.
ज्यादा हुआ तो..."
पुढचं धुरात जायचं.

मग घरोघर स्टील आलं.
मग त्यांच्या घशात गाठ.

दर तीन आठवड्यांनी लातूर.
सिस्टर सलाइनवर काळी पिशवी चढवते,
उजेड लागू नये म्हणून.
त्याआधी मी लेबल वाचून घेते.
दुसऱ्या खेपेलाही वाचलं. तेच.

"इसमें क्या है?"
मी सांगते, नवसागरातलंच आहे थोडं,
आणि एक महाग धातू.
ते हसतात. हसता हसता उमासा येतो,
मी भांडं धरते. स्टीलचं.
तोंड पुसून म्हणतात, "नाप के डाल रहे ना?"
वजन, उंची, किडनीचा रिपोर्ट,
मिलिग्रॅमपर्यंत मोजून, अब्बा.
"हमारी तो चिमटी थी,"
आणि अंगठा दोन बोटांना टेकवून
हवेत दाखवतात, केवढी.
सुईचा हात हलला म्हणून सिस्टर रागावते.

त्या गाठीत आत्ता कुठलीतरी पेशी
भिंत घालायची थांबली असेल का,
की ती पहिल्या नळीतली आहे,
हे इथल्या कुठल्याच भिंगातून दिसत नाही.

उदगीरला उतरलो तेव्हा गावात लाइट नव्हती.
अब्बांना रिक्षात बसवलं, शाल कानावरून घेतली
आणि ग्यानोबाला फोन लावला:
जनरेटर चालू कर,
आणि चौथी नळी फेकू नकोस.