होय

कुंडलिकेच्या पुलाअलीकडं माझं मसाला-कांडप.
मार्चात पाय ठेवायला जागा नसते:
मिरची, धणे, दगडफूल, खोबऱ्याच्या वाट्या,
आणि शिंकणारी माणसं.

बियाणं कंपनीत मिरचीचं वाण बघायला
व्हिएतनामहून आलेली लान
एका दुपारी रांग मोडून आत शिरली,
तोंडाला रुमाल, डोळ्यांत पाणी,
आणि सोजरबाईच्या सुपातून
बाद्यानचं एक फूल उचलून म्हणाली,
होय.

मी म्हटलं, व्हय, बाद्यान.
ती म्हणाली, होय.
तेच तर म्हणतोय बाई, व्हय.
सोजरबाई म्हणाली, घे गं,
एकानं काय उणं पडतंय.

मग कंपनीचा ड्रायव्हर गफार,
तिची भाषा अर्धीमुर्धी उचललेला, सांगू लागला:
तिच्याकडं या फुलाचं नावच होय.
फक्त शेवटी आवाज खाली सोडायचा,
भरली घागर ओट्यावर टेकवावी तसा.
सरळ ठेवला तर अर्थ होतो, घाण वास.

म्हणजे मी मघापासून
तिच्या तोंडावर घाण वास, घाण वास करत होतो.
कांडप बंद करून हसलो सगळे.

नाटकाच्या अंकालाही तोच शब्द, गफार म्हणाला,
परत येण्यालाही तोच.
पुढं हुओंग जोडायचं.
हुओंग म्हणजे सुगंध. हुओंग म्हणजे गावसुद्धा.
होय हुओंग:
पातेल्यात टाकला तर मसाला,
कवितेत टाकला तर माणूस घरी निघालेला.

लान फुलाच्या पाकळ्या मोजत होती.
सात भरल्या. आठवी मोडकी.

माझं गाव अंबडच्या पुढं,
एसटीनं तासाभराचं.
पंधरा वर्षं झाली.
इथं दिवसभर व्हय म्हणतो मी:
आज मिळंल का? व्हय.
बारीक करू? व्हय.
गावाकडं कवा येणार, भाऊ फोनवर विचारतो,
व्हय, व्हय.

वाण निघालं, तिचं काम संपलं.
जाताना विचारलं, परत येणार का?
काहीतरी म्हणाली.
मिरचीचा घाणा चालू होता,
आवाज खाली गेला की सरळ राहिला,
कळलं नाही.
गफार म्हणतो, सरळ.
त्याचं काय खरं.

आता गिऱ्हाईक विचारतं, झालं का?
मी शेवट हळूच खाली सोडून बघतो.
सोजरबाई सूप थांबवून म्हणते,
काय रं, बरं नाही का?