कोणाचो तू?

चिठ्ठीवर पत्ता नव्हता, खुणा होत्या:
बर्फाच्या फॅक्टरीमागून वर, फणसाखालची बालवाडी.
गुरुवार. सात वाजता.
आणि खाली, दुसऱ्या पेनाने:
चप्पल आत आण, बाहेर कुत्रा नेतो.

कणकवलीच्या सरकारी दवाखान्यात
कंपाउंडरने ती गोळ्यांच्या पाकिटात सरकवली होती.
खिशात राहिली, शर्टासोबत एकदा धुतली गेली.
गुरुवारातला गुरू पुसला,
नुसता वार उरला.

देवगडात पत्ता विचारणं म्हणजे
आपलाच पत्ता सांगणं.
जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला म्हटलं, इथे सुतार राहतो ना?
त्याने मान वर केली नाही.
'सुतार गेलो गणपतीत. थय आता ते येतत, गुरुवारी.'
मग सुई दातात धरून:
'कोणाचो तू?'

आमच्याकडे हा प्रश्न नाही, तराजू आहे.
वाडी, आडनाव, बापाची होडी, आईचं माहेर,
सगळं एका पारड्यात पडतं,
आणि दुसऱ्यात मी,
खिशात जळका चांदीचा कागद, बोटांची टोकं काळी.
म्हटलं, कोणाचो नाय. आणि निघालो.

पहिल्या गुरुवारी फणसापर्यंत गेलो.
दुसऱ्या गुरुवारी फाटकापर्यंत;
आतून कुणीतरी हसलं, मला वाटलं मलाच.
तिसऱ्या गुरुवारी लाइट गेली.
अख्खं बंदर विझलं, फक्त दीपगृह फिरत होतं.
तोंड दिसणार नव्हतं. शिरलो.

बालवाडीच्या खुर्च्या. गुडघे हनुवटीला लागले.
खडूचा वास, कुणाच्या तरी अंगाला सुक्या बांगड्याचा.
एक बाईचा आवाज म्हणाला, नाव सांग.
संजोग, म्हटलं,
आणि जीभ सवयीने आडनावाकडे वळली.
'पुरे,' ती म्हणाली. 'इतकंच लागतं.'

कोपऱ्यातला जाड आवाज बोलत होता, मधूनच थांबत:
चार महिने अकरा दिवस झाले.
आधी पाठीसाठी गोळ्या, मग गोळ्यांसाठी पाठ.
त्या वर्षी होडी वर ओढलेली, झापांनी झाकलेली,
मी आतच निजायचो. घरी कळू नये म्हणून.
एका रात्री खाली पान्याचा आवाज आला.
पंखा सोडवत होता कुणीतरी.
पितळेचा. वडलांनी घेतलेला.
मी जागा होतो.
एकेक नट सुटलेला ऐकला.
हात उचलायचा होता.
हात होता कुठे?

चार नट होते.
चौथा गंजलेला, त्याला मी दगडाने ठोकलं होतं.
भंगारवाल्याने वजन करताना अंगठा लावला तेही मला आठवतं.
त्या पैशांची पावडर दोन दिवस पुरली, दुसरा अर्धाच.

कोणी काही बोललं नाही.
टाळ्या नाहीत, अरेरे नाही.
बाहेर भरती वर चढत असल्याचं ऐकू येत होतं.
आणि मग, लाइटला अक्कल नसते, ती आली.

समोर दत्ताराम तांडेल.
भिंतीवर अननस, आगगाडी, इमारत.
त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे,
मग शेजारच्या पिवळ्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून
खाली ठेवली.

चहा आला, स्टीलच्या वाट्यांतून, पेले कमी होते.
माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, पुढच्या गुरुवारी.
बाईने मान हलवली. कुठे लिहून घेतलं नाही.

पावणेनऊची एसटी चुकली होती.
तांडेलाने स्कूटर वळवली, म्हणाला, 'बस.'
कोणाचो, विचारलं नाही.
कदाचित ठाऊक असेल. कदाचित नसेल.
मागे बसून त्याच्या खांद्याला धरायचं की सीटच्या कडीला,
हे ठरवता ठरवता
तारामुंबरीचा पूल मागे गेला.