गाठ

सकाळी सहाला मी गाठी करायला बसते.
जिलेटिन, कॉफीची भुकटी, थोडं ग्लिसरीन,
आणि पिकल्यासारखी दिसावी म्हणून वरून मधाचं एक बोट.
काखेतली गाठ कॅमेऱ्याला दिसत नाही,
दिग्दर्शक म्हणतो, मानेवर घे.
रोग काही असा कुणाला विचारून आला नसेल.

स्लोवाकियातलं डोंगरातलं गाव, सत्तर उंबरे,
एकही खिळा न मारता उभं केलेलं लाकडी चर्च.
गोष्ट तेराशे एकोणपन्नासची :
एक भिक्षू म्हणतो, विहिरीजवळची सुईण चेटकीण आहे,
तिला जाळलं की साथ जाईल.
तिला जाळतात. साथ जात नाही.
एवढंच. पडद्यावर पावणेदोन तास.

मढ्याला दिवसाचे चाळीस युरो,
डोळे उघडे ठेवणाऱ्या मढ्याला पंचावन्न.
दुपारी मढी बाकांवर बसून कोबीचं सूप पितात,
पत्ते पिसतात, एकमेकांच्या सुटलेल्या गाठी दाबून बसवतात.
पोस्टातला बोहुश, तीन दिवसांपूर्वी मेलेला,
ट्रॅक्टरच्या हप्त्यांचं रडगाणं लावतो.

झेल्मिरा तेवढी उठत नाही.
वय एक्क्याऐंशी. गाड्यात सगळ्यांच्या वर तिची जागा,
कारण ती हलकी, आणि कारण ती हलत नाही.
'कट' झालं तरी तशीच पडून, मुठीत लसणाची पाकळी.
ही गोष्टीत आहे का, मी विचारलं.
"नाही गं, घरची आहे.
मेल्याचं सोंग घेतलं की मरण फसतं म्हणतात,
नाहीतर त्याला आपली आठवण तरी होते.
काय सांगावं. असू दे मुठीत."

दिग्दर्शकाला खरी घंटा हवी होती.
गाश्पार, घंटा वाजवणारा, एका कानानं बहिरा,
म्हणाला, ती मेलेल्यांची आहे.
बाईला दोन टोले, पुरुषाला तीन,
मग वयाची वर्षं मोजून.
खोट्या मढ्यासाठी वाजवली तर ती ते उधार धरते,
आणि वसूल करते.
पोरं फिदीफिदी हसली. पैसे वाढवून पाहिले.
गाश्पारनं दोर वर गुंडाळून ठेवला आणि डोक्यावर टोपी चढवली.
हसणाऱ्यांतल्या एकानंही
दोराला हात लावला नाही.

शेवटच्या दिवशी मानेला रंग लावताना झेल्मिरा बोलली.
इम्रिख गेला तेव्हा टाळेबंदी होती.
तालुक्याच्या इस्पितळातून पिशवीत आला, चेन लावलेली.
पाचच माणसांना परवानगी.
पाद्री फाटकाबाहेरून काहीतरी पुटपुटला,
आणि गाश्पार स्वतःच तापानं फणफणलेला,
म्हणून घंटा नाही.
"बूट हातात घेऊन जिना उतरावा ना,
तसा गेला बघ.
वर कुणाला कळलं की नाही, देव जाणे."
मग म्हणाली, हनुवटी वर करू का?

संध्याकाळी गाडा खड्ड्याकडे निघाला.
धूर सोडला, चिखल शिंपडला, भिक्षूनं क्रूस उंचावला,
आणि घंटा वाजली.
एक. दोन. तीन.
बोहुशनं मेल्या मेल्याच छातीवर क्रूस काढला.
गावच्या मढ्यांना कळलं, आम्हा शहरवाल्यांना नाही.
'कट' झालं, दिवे विझले, तारा गुंडाळल्या,
टोले थांबेनात.
आवाजवाल्यानं कानांवरचं काढून फेकलं :
"अरे कुणीतरी बंद करा ते, घंटा आपण नंतर घालणार आहोत!"

तसंच झालं. चित्रपटात दुसऱ्याच घंटेचा आवाज आहे,
विकत आणलेला, स्वच्छ, पाच टोल्यांचा.

झेल्मिरा गाड्यात उठून बसली होती.
ओठ हलत होते. अडुसष्ट. एकोणसत्तर.
मी चाकापाशी उभी राहून तिच्याबरोबर मोजत राहिले.
एकोणऐंशीनंतर डोंगरात बराच वेळ काहीतरी घुमत होतं,
तेही संपू दिलं तिनं.
मग मानेवरची गाठ नखानं हळूच सोडवली,
ॲप्रनला पुसली
आणि माझ्या तळहातावर ठेवली.
कोमट होती.
लसूण मात्र तिनं ठेवून घेतली.
"रात्री आमटीत टाकीन," म्हणाली.